काऊंट वर आले, मग पुन्हा केमो कशाला?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : डॉक्टर, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पावसाच्या तोंडावर त्याला ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त यायचं, पायांवर निळे डाग उठले. तपासणीत एएमएल हा रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईत पहिली केमो झाली. त्यात ताप इतका चढला की पोर हातचं जातं की काय अशी वेळ आली. आता बोन मॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात, आजार दिसत नाही, काऊंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर आले आहेत, तो खेळतो, पेज मागून खातो. तरी डॉक्टर म्हणतात की अजून तीन केमो घ्यायच्या आणि डोस आधीपेक्षा मोठा. घरचे म्हणतात, बऱ्या झालेल्या पोराला पुन्हा विष कशाला? देवाचा कौलही चांगला मिळालाय. शेजारच्या वाड्यावरच्या मुलीलाही ब्लड कॅन्सरच होता. तिला घरी गोळ्या चालू आहेत आणि ती शाळेत जाते. एका डॉक्टरांनी आम्हाला तो बरा व्हायची शक्यता साठ टक्के सांगितली, दुसऱ्यांनी पन्नास. खरं कुठलं? माझा मेहुणा म्हणतो अमेरिकेत नवं इंजेक्शन आलंय. त्यासाठी जमीन विकू का? आणि गणेश चवथीला मुलाला गावी आणू का? — एक वडील

उत्तर : केमो थांबवू नका. बाकी सगळं यानंतर बोलू.

मॅरोतल्या ब्लास्ट पेशी, म्हणजे या आजारातल्या कच्च्या पेशी, पाच टक्क्यांच्या खाली आल्या आणि काऊंट सावरले की डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. आजार पहिल्यांदा सापडतो तेव्हा मुलाच्या अंगात या पेशी एक लाख कोटींच्या घरात असतात. रेमिशन आलं तरी त्यातल्या शेकडो कोटी शिल्लक असू शकतात. सत्तरीत खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, नाहीत, पण तिसवाडी-बारदेशात तुम्ही पाहिली असतील. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरतं. बांध बुजवून पाणी काढलं की शेत वरून कोरडं, चांगलं दिसतं. पण मातीतलं मीठ जायला त्यावरून पावसाचं गोडं पाणी पुन्हा पुन्हा वाहून जावं लागतं, त्याआधी पेरलं तर भात जळतं. पहिल्या केमोनं पाणी काढलं. पुढच्या तीन आहेत त्या मिठासाठी. पहिल्या केमोनंतर थांबलेल्या मुलांत हा आजार बहुतेक वेळा काही महिन्यांतच उलटतो आणि उलटलेला एएमएल पहिल्यापेक्षा फार चिवट असतो.

शेजारच्या मुलीला बहुधा एएलएल हा दुसऱ्या प्रकारचा रक्ताचा कॅन्सर असावा. लहान मुलांच्या ल्युकेमियात दर चारांपैकी साधारण तिघांना तोच असतो. तो लांबच्या, सौम्य उपचाराला दाद देतो. सुरुवातीचे कडक महिने गेले की दीड-दोन वर्षं गोळ्या चालतात आणि चांगल्या केंद्रांत दहापैकी जवळजवळ नऊ मुलं बरी होतात. एएमएल घरच्या गोळ्यांना बधत नाही. त्याला चार-पाच जोराचे मारे लागतात, दर वेळी काऊंट पार तळाला जातात आणि पुन्हा वर यायची वाट पाहावी लागते. पण बहुतेक ठिकाणी हा उपचार सहाएक महिन्यांत संपतो. नावात कॅन्सर आणि रक्त असलं तरी ती मुलगी आणि तुमचा मुलगा एका रांगेत बसत नाहीत. तिच्या आईशी बोला, धीर मिळेल. तिच्या फाइलशी आपली फाइल जुळवत मात्र बसू नका.

आता औषधाबद्दल. सायटाराबिन हा यातला मुख्य गडी. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमध्ये १९५० च्या सुमारास काही वेगळी द्रव्यं सापडली, त्या धाग्यावरून हे औषध तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जोडीला असतं ते लाल औषध, डॉनोरुबिसिन. तेही इटलीतल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस लाल औषध ही मांडणी १९७३ ची. मुलांत दिवस वाढवतात, कधी इटोपोसाइड हे तिसरं औषध जोडतात, पण गाभा तोच. आणि तरीही १९७० च्या दशकात पाचांतलं एखादंच मूल वाचायचं, तिथे आज प्रगत देशांत ६५ ते ७० टक्के मुलं पाच वर्षांच्या पुढे जातात. औषधं जवळपास जुनीच असताना हा फरक कुठून आला? बराचसा वॉर्डातून आला. वेळेवर दिलेली अँटिबायोटिक, बुरशीवरची औषधं, प्लेटलेट, कुठल्या मुलाला किती जोराचा उपचार द्यायचा याची पारख, आणि गरज असेल तिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. म्हणून मी पालकांना सांगत असते की काऊंट खाली असलेले दिवस म्हणजे दोन केमोंमधली सुट्टी नव्हे, उपचारच आहे तो. तुमच्या मुलाला जो ताप आला होता, त्यातून त्याला वॉर्डानं बाहेर काढलं. तेही श्रेय त्याच हिशेबात धरा.

पुढच्या केमोत सायटाराबिनचा डोस मोठा असेल. या डोसात डोळे लाल होऊन चुरचुरतात, म्हणून स्टेरॉइडचे थेंब ठरल्या वेळेला घालतात. मूल झोपलंय म्हणून थेंब चुकवू नका, रात्रीचेसुद्धा. हे औषध कधी कधी मेंदूच्या मागच्या भागाला, तोल सांभाळणाऱ्या भागाला, त्रास देतं. तुमच्याकडे एक साधी वही ठेवा. दर डोसच्या आधी मुलाकडून त्याचं नाव लिहून घ्या, अक्षर गचाळ असलं तरी चालेल. काही वॉर्डांत नर्स स्वतःच हे करून घेतात, सोबत बोट नाकाला लावायला सांगतात. काल नीट लिहिणारा मुलगा आज ओळ सोडून भलतीकडे चालला, बोलताना जीभ जड झाली, चालताना झोकांड्या गेल्या, तर पुढचा डोस लावायच्या आधी नर्सला हाक मारा. त्या वहीमुळे पोराचा थोडा शाळेचा अभ्यासही होतो म्हणा.

लाल औषधानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. काही केंद्रांत त्याऐवजी मायटोझँट्रोन देतात. ते शाईसारखं निळं असतं आणि त्यानं लघवी हिरवी-निळी होते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरही निळसर छटा येते. आधी कुणी सांगितलेलं नसलं की आई घाबरून रडते, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

तापाचं मात्र खरंच घाबरण्यासारखं आहे. काऊंट खाली असताना १००.४ ताप टिकून राहिला किंवा एकदा जरी १०१ दिसला, तरी रात्रीचे दोन असोत, निघा. पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत शिरेत जायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊन 'बघूया उतरतो का' म्हणत बसू नका. ताप उतरतो, आतला जंतू उतरत नाही. मोठ्या डोसच्या सायटाराबिननंतर तोंडाचं अस्तर सोलवटतं आणि तोंडातलेच स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्तात शिरतात. तास-दोन तासांत ब्लडप्रेशर कोसळतं. कधी मुलाला ताप न येता ते नुसतं गळून जातं, हातपाय गार पडतात. तेही तापाइतकंच वाईट समजा. थर्मामीटर काखेत लावा, गुदद्वारात कधीच नको. इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देऊ देऊ नका.

टक्क्यांचं. साठ आणि पन्नास हे दोन्ही डॉक्टर कदाचित बरोबर असतील. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा सगळ्या एएमएल मुलांचा असतो, तुमच्या मुलाचा नसतो. त्याचा आकडा दोन गोष्टींवर बदलतो. पहिली, पेशींतली जनुकीय खूण. आठ आणि एकवीस या गुणसूत्रांची अदलाबदल किंवा सोळाव्याची उलटापालट असेल तर मूल चांगल्या गटात येतं. सातवं गुणसूत्र एकच उरलं असेल किंवा एफएलटी-थ्री जनुकातला एक विशिष्ट बदल मोठ्या प्रमाणात असेल तर अवघड गटात. दुसरी, पहिल्या केमोनंतरची एमआरडी तपासणी. सूक्ष्मदर्शकातून न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी ती मोजते. तेव्हा पुढच्या भेटीत टक्के विचारू नका. 'माझा मुलगा कुठल्या रिस्क गटात आहे आणि एमआरडी किती आली?' एवढं विचारा. आपल्याकडच्या केंद्रांचे आकडे परदेशापेक्षा कमी भरतात. त्याला आजार एकटा जबाबदार नाही. जंतुसंसर्गात जाणारी मुलं आणि मधेच उपचार सोडणारी घरं हीही त्याची मोठी कारणं आहेत. त्यातलं दुसरं तुमच्या हातात आहे.

अवघड गट निघाला तर ट्रान्सप्लांटचा विषय निघेल. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं तरी हल्ली आईवडिलांचा अर्धा जुळणारा मॅरो घेऊनही ट्रान्सप्लांट होतं. चांगल्या गटातल्या मुलाला रेमिशन टिकलं असताना सहसा ते करत नाहीत, कारण ट्रान्सप्लांटचे स्वतःचे धोके थोडेथोडके नाहीत.

मेहुणे म्हणतात ते इंजेक्शन बहुधा जेमटुझुमॅब. २०१० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं होतं, २०१७ मध्ये परत आलं आणि २०२० मध्ये तिथे मुलांच्या पहिल्या उपचारासाठीही मान्य झालं. हजाराहून जास्त मुलांवरच्या चाचणीत, तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुलं त्याच्यासह ५३ टक्के होती, त्याच्याविना ४७. एकूण जगण्यातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. उपयोग आहे, जादू नाही. तुमच्या डॉक्टरांनीच ते सुचवलं तर खर्चाचं बोला. मेहुण्यांच्या सांगण्यावरून जमीन विकू नका. त्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठा, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि राज्याच्या मेडिक्लेमची कागदपत्रं लावून घ्या, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या. मुंबईत बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत मोफत राहायला मिळतं. उपचार देणाऱ्या रुग्णालयाकडूनच तिथलं नाव लागतं. जागा असली तर सोडू नका.

कौल चांगला मिळाला, बरं वाटलं. पण कौलात 'केमो थांबवा' असं कुठे आलं? अंगारा कपाळाला लावा, तीर्थ मात्र काऊंट येईपर्यंत पोराच्या पोटात नको.

आणि चवथ. तारीख दोन केमोंच्या मधे येत असेल, काऊंट वर असतील आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली तरच आणा. काऊंट उतरणीला असतील तर यंदा गणपती त्याने फोनवर बघावा, त्याला वाईट वाटलं तरी. आणलात तर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या रानातल्या पाना-फळांखाली) त्याला झोपवू नका. रानातली पानं-फळं, माती, पावसाळ्यातली ओल आणि भिंतीवरची काळी बुरशी यांतल्या बुरशीचे कण हवेतून फुप्फुसात जातात. घरात कुठे फोडाफोडी किंवा रंगकाम चालू असेल तर अजिबात नको. वाड्यावर घरोघरी फिरणं नको, शिंकणारे-खोकणारे पाव्हणे लांब. मुंबईच्या डॉक्टरांकडून एका कागदावर निदान, शेवटच्या केमोची तारीख आणि ताप आला तर द्यायचं अँटिबायोटिक लिहून आणा. रात्री बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत पोचलात तर तो कागद तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलेल. वाळपईहून बांबोळीला पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे गाडीची सोय आधी करून ठेवा.

प्रश्न : माझ्या नातीला हाच आजार आहे. प्लेटलेट दहा हजारांवर आल्यात. डेंगूत पपईच्या पानांचा रस देतात, तो देऊ का? आणि जेवणाचं पथ्य काय? — एक आजी, डिचोली

उत्तर : नको, आजी. केमोनं प्लेटलेट बनवणारा मॅरोच तात्पुरता बंद पडलेला असतो, पानाचा रस त्याला उठवू शकत नाही. शिवाय न शिजवलेल्या रसातून जंतू जातात आणि तोंड सोलवटलेल्या पोरीला तो कडू रस झोंबतो. ओकारी झाली तर आणखी रक्त. या काऊंटला बाहेरून प्लेटलेट चढवणं हाच इलाज.

पथ्याचं म्हणाल तर जुन्या कडक याद्यांनी संसर्ग कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम असतानाच वाढलेलं. पेज, आटवल, मऊ भात आणि ताज्या मासळीचं हुमण सगळं चालतं, तिखट तेवढं कमी करा. कोशिंबीर, मिठातली तोरं (कैऱ्या), बाजारातला कापलेला कलिंगड, उघड्यावरची शेव-पुरी काऊंट येईपर्यंत बंद. स्वयंपाक करणाऱ्याचे हात धुतलेले असले म्हणजे अर्धं पथ्य पाळलं.

प्रश्न : माझ्या मुलीचा एएमएलचा उपचार गेल्या वर्षी संपला. आता काय सांभाळायचं? तिला पुढे मुलं होतील का? — एक आई, फोंडा

उत्तर : हा आजार उलटायचा असला तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळातल्या तपासण्या आणि काऊंट चुकवू नका. पुढे दर वर्षागणिक काळजी हलकी होत जाते.

हृदयाचं मात्र आयुष्यभर लक्षात ठेवायचं. लाल औषधाचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर वर्षांनीही दिसू शकतो. ती धावते, नाचते, तरी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. एकूण किती लाल औषध मिळालं तो आकडा डिस्चार्ज कार्डावर असतो. त्या कार्डाची प्रत काढून कपाटात ठेवा आणि फोटो मुलीच्या फोनमध्येही असू दे. पुढे तिचं बाळंतपण येईल तेव्हा तिच्या डॉक्टरला तो आकडा लागेल. मुलं होण्याबद्दल, नुसत्या एएमएलच्या केमोनं सहसा त्यात अडचण येत नाही, ट्रान्सप्लांट झालं असेल तर गोष्ट वेगळी आणि ते तिच्या डॉक्टरांशी स्वतंत्र बोलावं लागेल. राहिलेल्या लसी साधारण उपचारानंतर सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करतात, कुठली कधी ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. शाळेत पाठवा, खेळाच्या तासालाही.

प्रश्न : आमच्या क्लबातल्या मुलांना अशा पेशंटसाठी रक्त द्यायचंय. शिबिर घ्यावं की काय करावं? — एक युवक मंडळ, म्हापसा

उत्तर : शिबिर घ्याच, पण या मुलांना सगळ्यात जास्त लागतात त्या प्लेटलेट, आणि त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत. एकाच दिवशी शंभर बाटल्या जमवून पुढचा पंधरवडा कोरडा जातो. त्यापेक्षा ब्लड बँकेत तुमच्या मुलांच्या नावांची, रक्तगटांची आणि फोनची यादी द्या आणि बोलावतील तसे एकेक करून एसडीपीला जा. एसडीपीत मशीन फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त तुम्हाला परत देतं. दीड तास धरा. एका दात्याच्या एसडीपीत साध्या पाच-सहा बाटल्यांइतक्या प्लेटलेट मिळतात, म्हणजे पोराच्या अंगात तितक्या कमी माणसांचं रक्त जातं.

वय अठराच्या वर, वजन पन्नास किलो, हाताची शीर ठसठशीत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात. तीन दिवस आधी अ‍ॅस्पिरिन नको. दोन वेळांत निदान ४८ तासांचं अंतर, आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही, वर्षात चोवीसपर्यंत. मुलाचे आईवडील, सख्खी भावंडं यांना मात्र या यादीत घेऊ नका. पुढे ट्रान्सप्लांटची वेळ आली तर त्यांच्याच मॅरोची गरज पडू शकते आणि आधी त्यांचं रक्त दिलेलं असेल तर तो मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. आणि सकाळी उपाशी पोटी जाऊ नका, नाश्ता करून जा, कॅल्शियम कमी होऊन ओठांना मुंग्या आल्या तर लगेच टेक्निशियनला सांगा.